लिमलेट, पिपरमिट आणि कँडीचं माहेर

गिरगावातल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. मुलीच्या शाळेत 'आजी-आजोबांच्या काळचे खाऊ' असा तक्ता करायचा होता. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यादी दिली: लिमलेटच्या गोळ्या, पिपरमिट, खडीसाखर, बोरकूट. तक्त्यावर ती चढली तेव्हा झाली होती 'लेमन कँडी, पेपरमिंट कँडी, रॉक कँडी'. बोरकूट तेवढं जसंच्या तसं राहिलं. त्यांचे प्रश्न तीन. लिमलेट हा शब्द अशुद्ध आहे का? कँडीला मराठी प्रतिशब्द काय? आणि 'खाऊ'चं अनेकवचन कसं करायचं?

हे 'शुद्धीकरण' मला हल्ली जागोजागी दिसतं आणि प्रत्येक वेळी राग येतो. पार्ल्या-दादरच्या दुकानांतून 'नॉस्टॅल्जिया कँडी' अशा बरण्या मांडलेल्या असतात. आत त्याच संत्र्याच्या फोडीसारख्या, साखर घोळवलेल्या गोळ्या. मुलं त्यांना कँडी म्हणतात ते समजू शकतो. पण ज्यांनी वाण्याच्या दुकानात टाचा उंचावून लिमलेट मागितलं, त्यांनीही लाजून कँडी म्हणावं?

आधी कँडीचंच बघू, कारण मजा तिथे आहे. कँडीला मराठी प्रतिशब्द विचारणं म्हणजे सासरहून आलेल्या लेकीलाच माहेरचा पत्ता विचारणं. संस्कृतात 'खण्ड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून, मळी काढून जे दाणेदार तुकडे उरतात तेही खंडच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गुळानंतर मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी चढती पायरी दिली आहे, प्रत्येक पदार्थ आधीच्यापेक्षा निर्मळ. (मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे दाणे असलेली साखर. ज्याने हे नाव ठेवलं त्याने गाबोळी नीट पाहिलेली असणार.) हा खंड फारसीत गेला आणि 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', फ्रेंचांकडे 'सुक्र कांदी', इंग्रजीत 'शुगर कँडी'. पुढे शुगर गळालं आणि कँडी उरली.

आता 'रॉक कँडी' बघा. मराठीत 'खडी' रस्त्यावर पसरतात तीच, आणि 'साखर' आली 'शर्करा'वरून. शर्करेचा मूळ अर्थ वाळू, बारीक खडे, कच. गोड अर्थ नंतर चिकटला. म्हणजे खडीसाखर म्हणताना आपण खडे दोनदा म्हणतो. हीच शर्करा फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' होत इंग्रजीत 'शुगर' झाली. दुसऱ्या वाटेने मलबारात 'चक्कर' होऊन पोर्तुगिजांच्या तोंडी 'जागरा' झाली आणि इंग्रजीत 'जॅगरी'. तेव्हा वांद्र्याच्या कॅफेत 'जॅगरी केक' खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की गुळाच्या त्या इंग्रजी नावात गूळ नाही, आपली साखरच आहे.

खंड परत घरी आला तो एकदा नव्हे. फारसीतला 'कंद' गुलाबाला धरून 'गुलकंद' होऊन आला. (गुलकंदातल्या कंदाचा सुरण-रताळ्याशी संबंध नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल!) आणि साताऱ्याचा कंदी पेढा. इथे मला भांडायचंच आहे. इंग्रज सोल्जर पेढा खाऊन 'कँडी, कँडी' म्हणायचे, त्यावरून 'कंदी' नाव पडलं, अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं छापली जाते आणि चांगले जाणते लोक ती मान डोलावून पुढे पाठवतात. मला ती मुळीच पटत नाही. 'कंदी' हे विशेषण, म्हणजे 'साखरेचा', फारसीत तयारच होतं. सातारा ही छत्रपतींची राजधानी. तिथल्या दफ्तराची भाषा फारसी शब्दांनी भरलेली. बर्फी, हलवा, मुरंबा, शरबत हे सगळं आपण त्याच दारातून आत घेतलं. मग एकट्या कंदी पेढ्यासाठी गोऱ्या शिपायाची वाट का बघावी? शिवाय इंग्रजी 'कँडी'तला 'ड' मराठी जिभेला जड नाही. आपण 'बंडी' म्हणतो, 'हंडी' म्हणतो, 'खंडी' म्हणतो. त्या 'ड'चा मऊ 'द' करायची आपल्याला गरजच काय होती? 'द' आला तो फारसीतूनच आला, असं माझं ठाम मत आहे.

खंडी आली ओघात, तर तीही घ्या, कारण ती अस्सल मुंबईची आहे. खंडी म्हणजे वीस मण. हे माप इंग्रज व्यापाऱ्यांनी उचललं आणि त्याचंही स्पेलिंग 'कँडी'च केलं. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव आजही खंडीवर बोलतात आणि इंग्रजी बातमीत ती 'कँडी' असते, ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. हे मापही 'खण्ड'वरूनच, म्हणजे वाटा, तुकडा. एकच शब्द इंग्रजीने दोनदा घेतला: एकदा अरबांच्या हातून चघळायला, एकदा थेट आपल्याकडून तोलायला. इंग्रजीत शिरलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा जो हॉब्सन-जॉब्सन कोश १८८६ साली निघाला, त्यात या दोन्ही कँडी शेजारीशेजारी दिल्या आहेत. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा कोश मिटवेना.

तर लिमलेट. हा शब्द अशुद्ध नाही. तो मराठीने घडवलेला आहे, आणि कसा घडवला ते बघण्यासारखं आहे.

एक मत असं की हे इंग्रजी 'लाइम' आणि त्याला लहानपण दाखवणारं 'लेट' जोडून झालं, म्हणजे 'छोटं लिंबू'. ऐकायला गोड, पण इंग्रजीत अशी गोळी कोणी म्हणतं का? आणि 'लाइम'चं मराठी तोंडात 'लिम' कसं होईल? आपण 'लाइन'ची लिन केली नाही, 'टाइम'चं टिम केलं नाही. दुसरं मत पोर्तुगीज 'लिमोनादा'चं. मुंबई-वसईत पोर्तुगीज शब्दांची उणीव नाही. पाव, बटाटा, चावी, फीत सगळे तिथले. पण 'लिमोनादा'त ठसठशीत 'ना' आहे. त्या 'आ'चा 'ए' आपण का करू? तिथून शब्द आला असता तर आपण 'लिमनाद' चघळत बसलो असतो.

माझ्या मते मूळ आहे इंग्रजी 'लेमनेड'. आता शेवटचा 'ड'. इंग्रजी 'लॉर्ड'चा आपण 'लाट' केला, लाटसाहेबातला लाट. म्हणजे शेवटी 'ड'चा 'ट' करायची सवय आहेच. लेमनेट झालं. मग 'न'चा 'ल'. हे दोन वर्ण मराठीत पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या जागा घेत आले आहेत. संस्कृत 'लांगल', मराठी नांगर. संस्कृत 'ललाट', मराठी निढळ, म्हणजे कपाळ, ज्याच्या घामाची भाकरी आपण खातो. उलट दिशेने 'निंबू'चं लिंबू. नंबराला 'लंबर' म्हणणारा माणूस हसण्याचा विषय नाही. त्याच्या जिभेवर तोच जुना नियम आहे. लेमनेटमध्ये सुरुवातीलाच एक 'ल' बसलेला, त्याने पुढच्या 'न'ला आपल्याकडे ओढला. लेमलेट. राहिला पहिला स्वर. तो लिंबाने दिला. शब्दात लिंबू आहे हे कानाला कळलं होतं, म्हणून 'ले'चा 'लि' झाला. झालं लिमलेट! गंमत अशी की गोळी दिसायला संत्र्याची फोड, नावात लिंबू, आणि एकाही पोराला त्यात खटकलं नाही. शब्द तोवर इतका आपला झाला होता की आतल्या फळाची चौकशी कोण करतो.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा तर्क आहे. आहेच. पण प्रत्येक पायरीला मराठीतलं उदाहरण आहे, आणि 'लाइम-लेट'वाल्यांकडे तेवढंही नाही.

पिपरमिटबद्दल एवढंच सांगतो. आजी 'पिपरमिट' म्हणते आणि नातवंडं तिला 'पेपरमिंट' म्हणायला लावतात. इंग्रजी 'पेपर' म्हणजे मिरी. तो शब्द लॅटिन 'पिपेर'वरून, तो ग्रीक 'पेपेरी'वरून, आणि तो आपल्या 'पिप्पली'वरून, म्हणजे खोकल्याला मधात उगाळून देतात त्या पिंपळीवरून. आजीचा 'पि' मुळाच्या जास्त जवळ आहे. तिला सुधारणाऱ्यांनी आधी स्वतःचा उच्चार तपासावा.

प्रतिशब्दाचं म्हणाल तर 'गोळी' आहे की. हल्ली औषध आणि बंदूक यांनीच ती बळकावली असं काही जण म्हणतात, म्हणून कँडी हवी म्हणे. तीनही गोळ्या मराठीत सुखाने नांदल्या आहेत आणि कुठलं पोर त्यांत गोंधळलं नाही. विलेपार्ल्यात १९२९ साली पार्लेचा कारखाना निघाला तो आधी गोळ्यांसाठी, बिस्किटं नंतरची. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना १९३३ चा, आणि त्या गावाचं नाव पुढे गोळीलाच चिकटलं. मुंबईतली मुलं वाण्याकडे 'एक रावळगाव द्या' म्हणत. हे सगळं चाललं तेव्हा कँडी हा शब्द कोणाला लागला नव्हता. आणि गोळीचं नातं थेट गुळाशी असावं असं मला फार दिवस वाटत आलं आहे. संस्कृतात 'गुड' म्हणजे गूळही आणि गोळाही. रस आटून ज्याचा गोळा वळतो तो गूळ. त्या हिशेबाने 'गोड गोळी' इतका घरंदाज शब्द दुसरा नाही.

'खाऊ'चं अनेकवचन होत नाही. शब्द पुल्लिंगी आणि एकवचनीच: दहा पुड्या आणल्या तरी 'खाऊ आणला', 'खाऊ संपला'. तेव्हा तक्त्याच्या शीर्षकातलं 'काळचे खाऊ' बदलून 'काळचा खाऊ' करून घ्या, आणि रॉक कँडीच्या जागी खडीसाखर लिहून घ्या. लेमन कँडी खोडाल तेव्हा लिमलेटमधला दुसरा 'ल' विसरू नका.