अबोल मुलीला नर्सिंग जमेल का?

ताई, तुमची मुलगी कला शाखेतून ५८ टक्के मिळवून बारावी झाली. तिला नर्सिंगच करायचंय, पण ती अबोल आहे आणि इंग्रजीला घाबरते. म्हणून आधी वर्षभर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, असं तुम्ही विचारलंय.

वर्ष घालवू नका. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्रासह विज्ञान शाखा लागते, त्यामुळे ते तिला करता येणार नाही. तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा नर्सिंगचा डिप्लोमा मात्र कला शाखेतून करता येतो. त्यात पहिल्या वर्षी इंग्रजी हा विषय असतोच.

आता बोलण्याचं. इंजेक्शन देण्याआधी “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारलं, तर कमी ऐकू येणारी, घाबरलेली आजी कशालाही मान डोलावते. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा” असंच विचारायचं आणि केसपेपरशी ताडून बघायचं. ड्युटी बदलतानाही “चार नंबरच्या आजी जरा बऱ्या नाहीत” म्हटलं, तर पुढच्या सिस्टरला काय कळणार? “चार नंबर, ऑपरेशनचा दुसरा दिवस. सकाळी बीपी १३०-८०, आता ९०-६०. दुपारपासून लघवी नाही. डॉक्टरांना लगेच बोलवायला हवं.” असं सांगितलं की हालचाल होते. याला एसबीएआर पद्धत म्हणतात: आत्ता काय झालंय, मागचं काय, आपल्याला काय दिसतंय, काय करायला हवं. फाडफाड इंग्रजीपेक्षा हे महत्त्वाचं, आणि कमी बोलणाऱ्या मुली ते फार नेमकं सांगतात, कारण त्या आधी नीट ऐकून घेतात.

मला काळजी वेगळ्याच गप्प बसण्याची वाटते. फोनवर औषधाचा डोस नीट ऐकू आला नाही, तरी डॉक्टर रागावतील म्हणून परत न विचारणं. तिथे पेशंटच्या जिवाशी गाठ असते. ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, हे तिच्या अंगवळणी पडायला हवं. सवय घरापासूनच लावा. आजीच्या गोळ्या तिला समजावून सांगू दे आणि मग आजीकडून तेच वदवून घेऊ दे. आजी चुकली, तर आजीला न रागावता पुन्हा सोप्या शब्दांत सांगायचं.

कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणाऱ्यांच्या सर्टिफिकेटवर नोंदणी होत नाही. आणि मुली प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात जातात, हे फी विचारण्याआधी विचारा. वॉर्डात पेशंटच नसतील, तर पेशंटशी बोलायला ती शिकणार कुठे?