घर तेच, मग दुसरी दलाली कशाची?

प्रश्न : ऐरोली सेक्टर ८ मध्ये आम्ही वन बीएचकेत भाड्याने राहतो. भाडं २२,००० रुपये. घर दाखवणाऱ्या दलालाला तेव्हा एक महिन्याचं भाडं दिलं. आता ११ महिने संपले, तर तो 'रिन्यूअल'चे ११,००० मागतोय. नाही दिले तर मालकाला सांगून घर रिकामं करायला लावीन, म्हणतो. द्यावेच लागतील का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : भाड्याच्या दलालीचा दर आपल्याकडे कायद्याने ठरलेला नाही. एक महिन्याचं भाडं हा नुसता रिवाज. त्यामुळे पहिल्या वेळी काय ठरलं होतं, तेवढंच बघायचं. जुने व्हॉट्सअॅप मेसेज चाळा. 'रिन्यूअलला अर्धा महिना' याला तुम्ही तेव्हा 'ओके' टाकलं असेल (अंगठ्याची खूण टाकतो ना आपण, न वाचता!), तर तुमची बाजू लंगडी पडते. तसं काही नसेल, तर घर दाखवण्याचं काम एकदाच झालं आणि त्याचे पैसेही फिटले.

दलालाशी वाद घालण्याआधी मालकांना थेट फोन करा. बऱ्याचदा त्यांना या मागणीचा पत्ताच नसतो. नवा करार मात्र नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. दलालाने ऑनलाइन नोंदणी, बोटांचे ठसे वगैरे धावपळ केली, तर त्या कामाचे वेगळे पैसे द्या, पण सरकारी शुल्काची पावती मागून घ्या. आणि हो, रोख काही देऊ नका.