बंपरचा ओरखडा आणि ब्रेक कॅलिपर घरच्या घरी रंगवता येतील का?

तुम्ही दोन कामं एकत्र विचारली आहेत. सिल्व्हर स्विफ्टच्या पुढच्या बंपरचा कोपरा घासलाय आणि अलॉय चाकांच्या फटींतून कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग, गंजलेले दिसतात, दोन्ही सोसायटीच्या पार्किंगमध्येच उरकायचंय. माझं मत विचाराल तर कॅलिपर बिनधास्त करा, दाराच्या कडेला टवके उडाले असतील तर तेही करा, पण सिल्व्हर बंपरवर स्प्रेचा डबा चालवू नका.

नवा रंग जुन्याला लागून बसणार असेल तर तो जुळावा लागतो, आणि मेटॅलिक जुळवणं फार कठीण. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. हवेचा दाब, थिनरचं प्रमाण, हात किती लांबून फिरतोय, यावर ते कण कसे पडतात ते ठरतं आणि त्यावर छटा. कोड तंतोतंत असला तरी डब्याने मारलेला पॅच एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो. म्हणून चांगला पेंटर नुसता कोपरा मारत नाही. तो रंग कडेकडे विरवत नेतो आणि क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, अख्ख्या बंपरवर मारतो. हार्डनर घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यापुढे कापडी मास्क काही कामाचा नाही. शिवाय शेजारच्यांच्या काळ्या गाडीवर चंदेरी धुरळा बसला की सेक्रेटरींना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा.

बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. आधी साबणाने धुऊन नीट बघा. अर्ध्या वेळा तो ओरखडा नसतोच, पार्किंगच्या खांबाचा पिवळा-काळा रंग चिकटलेला असतो. रबिंग कंपाउंड आणि मऊ कापडाने तो निघतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर ओतू नका, खालचा रंगही उठेल. नख फिरवून अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटपुरताच आहे, पॉलिशने भागेल. अडकलं आणि खालचं प्लास्टिक दिसलं तर पेंटरकडे द्या. एवढ्यासाठी विम्याचा क्लेम मात्र करू नका. २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस एका क्लेमने शून्यावर येतो.

पत्र्यावरचे टवके ही वेगळी गोष्ट. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा पावसाळ्यात फुगायला लागतो, ते थांबवायलाच हवं. गाडीचा रंग-कोड कंपनीने गाडीवर लावलेल्या माहितीच्या प्लेटवर असतो. मारुतीचा सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड-टू-एस. रंग मिसळून देणाऱ्या दुकानात कोड तर सांगाच, पण जमलं तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून न्या. उन्हाने उतरलेला रंग कोडमध्ये लिहिलेला नसतो. टवक्यातला गंज टोकदार काहीतरी घेऊन खरवडा, स्पिरिटने पुसा, प्रायमरचा ठिपका द्या. मग टूथपिकच्या टोकाने रंग सोडा. ब्रश नको, ब्रशने रंग टवक्याच्या बाहेर पसरतो. थेंब वाळला की आकसतो, मग पुन्हा थेंब. असं करत भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आला की आठवडाभर सोडून द्या. त्यानंतर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त त्या उंचवट्यावर फिरवायचा. सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १२० मायक्रॉनच असतो, त्यात क्लिअर निम्म्याहून कमी. जोर लावलात तर भोवतालचं क्लिअर आधी जाईल. जवळून ठिपका दिसेलच, चार फुटांवरून दिसत नाही.

आता कॅलिपर. इथे कशाशीच जुळवायचं नसतं म्हणून हे घरचं काम. स्विफ्टला पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. ब्रेक दाबला की तो गाइड पिनांवर सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला पकडतात. रंग पिनांवर, त्यांच्या रबरी बूटांवर (टोपणांवर) किंवा पॅड जिथे टेकून सरकतात त्या जागी गेला की कॅलिपर अडकायला लागतो. मग पॅड एका बाजूने झिजतात आणि चाक गरम राहतं. म्हणून तो काढूच नका, जागेवरच रंगवा. काढायचाच झाला तर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

सपाट जमिनीवर गाडी लावा, पोडियमच्या रॅम्पवर नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालू नका. गाडी पेलणारा जॅक स्टँड लावा, काढलेलं चाकही सिलखाली, म्हणजे दाराखालच्या पट्टीखाली, आडवं सरकवून ठेवा.

काळं कीट फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने काढा, मग तारेचा ब्रश. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला वॉटर पेपर आणि टूथब्रशाएवढा पितळी तारांचा ब्रश एकाच फेरीत मिळतो. बोटं जात नाहीत त्या खाचांत तोच चालतो. सुटा गंज निघाला की ब्रेक क्लीनर मारून वाळू द्या. रॉकेलने धुऊ नका, तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. डब्ल्यूडी-४० तर डिस्कच्या आसपासही नको. मास्किंग टेप लावताना ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू), पाइपचा सांधा, रबरी बूट आणि डिस्क झाकायला विसरू नका.

रंग डब्यातला, ब्रशने लावायचा घ्या. डब्यावर कॅलिपरसाठी किंवा उष्णता सोसणारा असं लिहिलेलं हवं. घरच्या ग्रिलचा इनॅमल पिवळा पडून पोपडे धरतो. पातळ तीन थर, मधे डब्यावर लिहिलेली वेळ. ब्रेक ऑइल सांडू देऊ नका, डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही रंग खातात. लाल रंगाचा मोह आवरा असं मी म्हणेन. एका पिस्टनच्या कॅलिपरला लाल फासल्याने गाडी लवकर थांबत नाही आणि ब्रेकची काळी धूळ त्यावर उठून दिसते. गडद राखाडी वर्षानुवर्षं नीटनेटका राहतो. मागच्या ड्रमलाही तोच चालतो. डिस्कच्या चकाकत्या भागाला मात्र काही लावायचं नाही. जुलैत रात्रभर उभ्या गाडीची डिस्क तांबूस होते, ती चार ब्रेकांत पुसली जाते.

हे सगळं पावसाळ्यात नको. हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. दमट हवेत एनसी रंग दुधाळ पडतो, कारण थिनर उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर हवेतलं पाणी बसतं. डिसेंबर-जानेवारीतली दुपार, सावलीत, उत्तम. सकाळी दव असतं.

चाक लावताना नट समोरासमोर आवळा, गाडी खाली आल्यावर शेवटचे, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. पहिल्या फेरीत थोडा वास येईल, तो रंग तापल्याचा. पण पेडल मऊ लागलं किंवा एकच चाक जास्त तापलं तर त्याच दिवशी मेकॅनिककडे घेऊन जा.