करिअर-टेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न : मुलगा दहावीत, हिंदी माध्यमात. एका सेंटरवर त्याने इंग्रजीतून अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली. पर्सेंटाइल आले ते असे : अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग 84, स्पेशियल 78, न्यूमेरिकल 55, व्हर्बल 31. खाली शेरा : ‘इंजिनिअरिंग नको, कॉमर्स योग्य.’ अकरावीला मॅथ्स सोडायचं का?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, या शेऱ्यावरून तर मुळीच सोडू नका. आकडे जवळजवळ उलटं सांगताहेत : इंजिनिअरिंगला लागणाऱ्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट (आकृत्यांमधला तर्क) आणि स्पेशियल (वस्तूंचे आकार मनात फिरवून पाहणं) या भागांत तो वर आहे, मागे आहे तो व्हर्बलमध्ये (शब्दांतला तर्क).

84 पर्सेंटाइल म्हणजे 84 टक्के मार्क नव्हेत. ज्या गटाशी तुलना केली, त्यातल्या शंभरातल्या साधारण 84 मुलांपेक्षा तो पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो गट कोणता, हे सेंटरला विचारा : कोणती इयत्ता, कोणतं माध्यम, कोणत्या वर्षीचे नॉर्म्स (तुलनेसाठीचे आधाराचे आकडे). तुलना इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी झाली असेल, तर व्हर्बलच्या 31 मध्ये तर्क किती आणि इंग्रजी किती, हे सांगताच येत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये शब्द नसतात, नुसत्या आकृत्या. तिथे मुलगा वर आहे आणि शब्द आले की घसरतो; म्हणजे संशय आधी भाषेवर घ्यायचा. व्हर्बलचा भाग हिंदीतून पुन्हा द्या, पण हिंदीचे स्वतंत्र नॉर्म्स असलेल्या टेस्टवरच. इंग्रजी प्रश्न तोंडी भाषांतर करून विचारले, तर त्या निकालाला अर्थ नाही.

न्यूमेरिकलच्या 55 चा बाऊ नको. बहुतेक मुलं मध्यावरच दाटलेली असतात, त्यामुळे एक-दोन प्रश्न इकडेतिकडे झाले तरी पर्सेंटाइल पाच-दहाने हलतो. त्यापेक्षा रॉ स्कोअर मागा, म्हणजे किती प्रश्न सोडवले आणि किती बरोबर आले. 40 पैकी 22 सोडवले आणि 20 बरोबर आले, तर अडचण वेगाची. सगळे 40 सोडवून 20 बरोबर, तर घाईची किंवा पायाच कच्चा असल्याची. दोन्हींचे मार्क सारखे, उपाय वेगळे. हे आकडे द्यायला सेंटर का-कू करत असेल, तर त्या शेऱ्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

टेस्टमध्ये आवडीचा भाग दिसत नाही. तो मानसशास्त्रज्ञ हॉलंड यांनी सांगितलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवरून, एका प्रश्नावलीने पाहतात : हाताने करायची कामं, शोधक, कलात्मक, समाजाभिमुख, उद्यमी आणि नियमबद्ध. ही प्रश्नावली भरताना तुम्ही शेजारी बसू नका; “हे आवडतं ना रे तुला?” एवढ्यानेही उत्तर बदलतं. सहाही आकडे सारखेच आले, तर बहुधा त्याने कामं पाहिलेलीच नाहीत. पीथमपूरच्या कारखान्यात ओळखीचं कुणी असेल तर मेन्टेनन्स विभाग दाखवा, मग एखाद्या सीएचं ऑफिस, आणि महिन्याभराने प्रश्नावली पुन्हा भरू द्या.

प्रश्न : सात वर्षांच्या नातीच्या बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगतात म्हणे. करावं का?
— एक आजोबा, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नको. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात. त्यांवरून बुद्धी किंवा कल ओळखता येतो याला शास्त्रीय आधार नाही. आणि सातव्या वर्षीची आवड तर महिन्याला बदलते. त्या पैशांत तिला चित्रकलेचा किंवा पोहण्याचा क्लास लावून द्या.

प्रश्न : कॉलेजात एमबीटीआयमध्ये (स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी चाचणी) ‘आयएनएफपी’ आले, आता ‘ईएनएफपी’. सेल्सची नोकरी घेऊ का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमचा स्वभाव पालटला असेलच असं नाही. ही चाचणी सलग मोजपट्टीला मध्ये कापून ‘आय’ (अंतर्मुख) किंवा ‘ई’ (बहिर्मुख) असा शिक्का मारते. तुम्ही कापाच्या जवळ असाल, तर दोन-तीन उत्तरांनी अक्षर फिरतं. नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात. ‘बिग फाइव्ह’ प्रकारची चाचणी शिक्का न मारता स्वभावाच्या पाचही गुणांची पातळी दाखवते, ती जास्त कामाची. तरी तिच्यावरून नोकरी ठरवू नका, मुलाखतीत काय विचारायचं ते ठरवा : रोज किती अनोळखी लोकांना भेटायचं, टार्गेट महिन्याचं की तिमाहीचं, पगारातला पक्का भाग किती. आणि जमलं तर होकार कळवण्याआधी तिथल्या सेल्सवाल्याबरोबर एक दिवस मार्केटमध्ये फिरून या.