बायको, भाचा आणि 195 डॉलरचं जादा कार्ड

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर. नुकतंच चेस बँकेचं सफायर रिझर्व्ह क्रेडिट कार्ड घेतलं, वर्षाची फी 795 डॉलर. बायको एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, तिला नोकरीची परवानगी नाही. टॅक्ससाठी तिचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करक्रमांक) काढलाय, पण तिच्या नावावर क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, काहीच नाही. दर जूनमध्ये ती आणि आमची सात वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून दोहामार्गे मुंबईला आणि पुढे पुण्याला जातात. मी मागाहून दोन आठवड्यांसाठी जातो आणि परत येताना आम्ही तिघं बरोबर असतो. बायकोला या कार्डावर ऑथोराइज्ड यूजर केलं, म्हणजे माझ्याच खात्यावर तिच्या नावाचं जादा कार्ड घेतलं, तर वर्षाला 195 डॉलर जादा पडतात. ताई म्हणते, एमएसला आलेल्या भाच्यालाही घे, त्याचा क्रेडिट स्कोअर तयार होईल. हे 390 डॉलर वसूल होतील का? माझ्याकडे 2016 साली शिकत असताना घेतलेलं बिनफीचं एक कार्डही आहे, आता वापरात नाही.

उत्तर: नाही होणार. दोघांपैकी कोणालाच या कार्डावर घेऊ नका. बायकोला मात्र दुसऱ्या कार्डावर जरूर घ्या, आणि तेही याच आठवड्यात.

आधी विमानतळावरच्या लाउंजचं बघू, कारण 195 डॉलर मुख्यतः त्याचेच आहेत. तुम्ही बरोबर असता तेव्हा कार्डाबरोबर मिळणाऱ्या तुमच्या प्रायॉरिटी पासवर (हा लाउंजप्रवेशाचा पास) आणि चेसच्या स्वतःच्या लाउंजमध्ये दोन पाहुणे फुकट येतात. म्हणजे तिघांच्या प्रवासात तिच्या वेगळ्या कार्डाचा काहीच उपयोग नाही. त्या दोघीच निघतात तो एकच प्रवास उरतो: जाताना जेएफके आणि दोहा. वर्षातून दोन वेळा लाउंज. 195 भागिले 2, म्हणजे एका वेळेला साडेसत्त्याण्णव डॉलर. आई-लेकीचं जेवण विमानतळावर महाग असतं हे मान्य, पण इतकं नाही. येतानाही त्या दोघीच असत्या तर चार वेळा झाल्या असत्या आणि तेव्हा मी थोडा विचार केला असता.

बाकी काही दुप्पट होत नाही. प्रवासखर्चाचे 300 डॉलर परत मिळतात ते खात्यामागे एकदाच, कार्डामागे नाही. तिनं केलेल्या खर्चाचे पॉइंटही तुमच्याच खात्यात जमा होतात.

आता क्रेडिट हिस्टरी. पत्रात हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. आम्ही इथं आल्यावर सहा वर्षं घरभाडं, वीज, गाडी, फोन, सगळं माझ्या नावावर होतं. बायको स्वतःचा फोन घ्यायला गेली तेव्हा दुकानातल्या मुलानं स्क्रीन बघून डिपॉझिट मागितलं. घरातली सगळी बिलं तीच वेळेवर भरायची आणि तिच्याच नावापुढे काही नव्हतं. ते तिला लागलं, आणि चूक माझी होती.

म्हणून तिचं नाव 2016च्या कार्डावर लावा. बहुतेक बँका ऑथोराइज्ड यूजरच्या अहवालात त्या खात्याचा मागचा इतिहासही दाखवतात. दोन महिन्यांच्या 795 डॉलरवाल्या कार्डाकडे असा इतिहासच नाही. फिको या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रेडिट स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला सुमारे 35 टक्के, देणं असलेल्या रकमेला 30 आणि खात्यांच्या वयाला 15 टक्के वजन असतं. 2016चं ते कार्ड नुसतं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर बँक बंदही करू शकते. त्यावर महिन्याचं एखादं छोटं बिल लावा आणि पूर्ण रकमेचं ऑटोपे चालू करा. एक फोन आधी करा: सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या ऑथोराइज्ड यूजरची माहिती तुम्ही क्रेडिट ब्युरोला (क्रेडिटचे अहवाल ठेवणाऱ्या कंपन्यांना) कळवता का, हे बँकेला विचारा. नाव, जन्मतारीख आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः एकसारखा द्या, नाहीतर नोंद तिच्या अहवालाशी जुळत नाही. तुमचा आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर तिच्या वर्क परमिटसाठीही वकिलाशी बोला. तो मिळाला की सोशल सिक्युरिटी नंबरचा मार्ग मोकळा होतो.

त्यानंतर तिला तिचं स्वतःचं कार्ड घेऊ द्या. आपल्याकडच्या बऱ्याच बायका अर्जात उत्पन्न शून्य लिहितात आणि नकार येतो. 2013 साली ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोनं नियम बदलला: अर्जदार 21 वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल तर नवऱ्याच्या ज्या उत्पन्नातून तिला रास्तपणे खर्च करता येतो, तेही बँक धरू शकते. संयुक्त खात्यात पगार जमा होत असेल तर ते लिहिण्यात काहीही गैर नाही. भारतात तिचं कार्ड किंवा कर्ज असेल तर अमेरिकन एक्स्प्रेसही पाहा. नोव्हा क्रेडिट या परदेशी क्रेडिट अहवाल आणून देणाऱ्या कंपनीमार्फत ते भारतातली क्रेडिट हिस्टरी विचारात घेतात.

राहिला भाचा. तो कितीही गुणी असला तरी त्यानं केलेला प्रत्येक डॉलरचा खर्च कायद्यानं तुम्ही भरायचा आहे, तो नाही. तुम्हीच कार्ड दिलंय म्हटल्यावर त्याची खरेदी फसवणूकही ठरत नाही. त्यानं लॅपटॉप आणि दोन विमानतिकिटं एकाच महिन्यात घेतली आणि बिलाच्या तारखेला ती रक्कम उभी राहिली, तर मर्यादेपैकी किती वापरलं ते प्रमाण तुमच्या अहवालात वाढतं. उद्या तुम्ही घरकर्ज घ्यायला गेलात की ते समोर येतं. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. नाइलाजच झाला तर अमेरिकन एक्स्प्रेससारखं कार्ड बघा, तिथं जादा कार्डाला 200 डॉलरपासून वेगळी खर्चमर्यादा घालता येते.

पण त्याहून चांगली वाट आहे. कॅम्पसवर काम मिळालं की त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळेल. मग त्यानं स्वतःच्या नावावर सिक्युअर्ड कार्ड घ्यावं, म्हणजे आधी 200-300 डॉलर डिपॉझिट ठेवून मिळतं ते. महिन्याचा किराणा त्यावर घ्यायचा आणि बिल पूर्ण भरायचं. साधारण सहा महिन्यांत त्याचा स्वतःचा स्कोअर दिसू लागेल. ताईला आजच फोन करा आणि सांगा, डिपॉझिट मामा भरतोय.