वाचकांचे प्रश्न : शिलाई मशिनवरची पुढची पायरी

प्रश्न : सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी तीन वर्षे सिंगल नीडल मशिनवर काम करते. पहिले सहा महिने धागे तोडण्यात गेले. नंतर शर्टाच्या खिशाचे तोंड दुमडून टीप मारण्याचे काम मिळाले, ते आजही तेच आहे. माझ्यामागून आलेली मुलगी कॉलर जोडायला बसली आणि तिचा पगारही वाढला. सुपरवायझर म्हणतात, तुमचा स्पीड कमी आहे. मशिन जोरात चालवून पाहिले, तर आल्टर, म्हणजे चुकल्यामुळे पुन्हा शिवावे लागणारे पीस, वाढले. मी नेमके काय शिकावे?

उत्तर : ताई, तुमचा स्पीड कमी पडत असेलही, पण तो मशिनचा नसून हातांचा आहे, आणि हा फरक तुम्हाला कोणीतरी पहिल्याच वर्षी समजावून सांगायला हवा होता. एक साधा हिशेब पाहू. खिशाचे तोंड पाच इंचांचे आणि इंचाला 12 टाके धरले, तर एका पिसाला 60 टाके लागतात. तुमचे मशिन मिनिटाला 4,000 टाके मारत असेल, तर या 60 टाक्यांना एक सेकंदही पुरा लागत नाही. समजा, या कामाची प्रमाणित वेळ, म्हणजे कारखान्यात जिला एसएएम म्हणतात ती, 0.30 मिनिट, म्हणजे 18 सेकंद आहे. आठ तासांच्या 480 मिनिटांत त्या हिशेबाने 1,600 पीस व्हायला हवेत. तुमचे 960 होत असतील, तर तुमची कार्यक्षमता 60 टक्के ठरते आणि एका पिसाला तुम्हाला सरासरी 30 सेकंद लागतात. या 30 सेकंदांपैकी सुई एखादाच सेकंद चालते. उरलेला सगळा वेळ पीस उचलणे, घडी घालणे, सुईखाली बसवणे, धागा तोडणे आणि पीस बाजूला ठेवणे यात जातो. मशिन आणखी पळवून वाचणार तो सेकंदाचा काही अंश, आणि टीप वाकडी झाली की तो पीस उसवण्यात दोन-तीन मिनिटे जातात.

म्हणून आधी स्वतःच्या हातांकडे पाहा. बंडल कुठे ठेवलेले असते? ते मागे किंवा मांडीवर असेल, तर प्रत्येक पिसामागे कंबर वळते आणि दिवसाकाठी ती हजार वेळा वळते. बंडल डाव्या हाताला, टेबलाच्या उंचीवर आणि खिशाचे तोंड तुमच्याकडे येईल असे मांडून घ्या. एक पीस सुईखालून बाहेर पडत असतानाच डाव्या हाताने पुढचा उचलता आला पाहिजे. तुमच्या कामात प्रत्येक पिसानंतर धागा तोडण्याची गरज नसते; एकामागोमाग एक पीस मशिनखालून सोडत जावे, माळ तयार होईल आणि धागे शेवटी एकदमच कापता येतील. शेजारच्या मैत्रिणीला सलग दहा पिसांची वेळ घड्याळावर मोजायला सांगा आणि ती वहीत लिहा. आठवड्याने पुन्हा मोजा. सुपरवायझरशी बोलताना ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

आता कॉलरविषयी. साध्या शर्टाच्या शिलाईत तीसहून अधिक ऑपरेशने, म्हणजे शिलाईची वेगवेगळी छोटी कामे, निघतात आणि त्यांत कॉलर जोडणे हे सर्वांत अवघड कामांपैकी एक मानले जाते, कारण तिथे गळ्याची गोलाई आणि कॉलरची पट्टी एकमेकींशी तंतोतंत जुळवावी लागते. मशिनचे खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, तर वरचा थर फुटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, घासत मागे रेंगाळतो. त्यामुळे दोन्ही थर नुसते सैल सोडून शिवत गेलात, तर शेवटी वरचा थर थोडा जास्त उरतो. चांगली ऑपरेटर खालचा थर बोटांनी किंचित ताणून धरते, वरचा हलकेच पुढे सरकवते आणि मागच्या मध्यावरचा नॉच, म्हणजे खुणेचा छोटा काप, जुळला की नाही हे टीप तिथे पोहोचण्याआधीच पाहते. हे ऐकून येत नाही, बोटांना कळावे लागते. त्यासाठी धागा न ओवता कागदावर सराव करा. आधी सरळ रेषा, मग चौकोन, मग आत आत जाणारी गोल रेघ आखा आणि सुईची छिद्रे रेघेवरच पडतील असे मशिन चालवा. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई खाली ठेवून थांबता आले आणि फूट उचलून कागद वळवता आला, की पायावर ताबा आला असे समजावे. नवशिक्यांना हा सराव पहिल्याच आठवड्यात देतात, पण तीन वर्षे एकच सरळ टीप मारलेल्या हातालाही त्याचा तितकाच फायदा होतो. त्यानंतर कापडाच्या वाया गेलेल्या तुकड्यांवर दोन थरांच्या गोलाया शिवा आणि टाकाऊ कॉलर मागून घेऊन त्या जोडून पाहा.

आणखी एक गोष्ट फार थोड्या ऑपरेटर शिकतात, म्हणून ती तुम्ही शिकावी असे मला मनापासून वाटते. टाके सुटू लागले की मेकॅनिकची वाट पाहत बसण्याआधी सुई तपासा. सिंगल नीडल मशिनमध्ये सुईची लांब खाच डावीकडे यायला हवी. ती फिरली असेल किंवा टोक बोथट झाले असेल, तर टाका सुटतोच. बॉबिन केस, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाची डबी, धाग्याने लटकवून हलकासा झटका द्या. ती थोडी खाली येऊन थांबली, तर ताण ठीक आहे. धडाधड खाली आली, तर ताण सैल आहे. जागची हललीच नाही, तर घट्ट आहे आणि पातळ कापडावर चुण्या पडतील. मशिन समजणारी ऑपरेटर दिवसातला अर्धा-पाऊण तास वाचवू शकते आणि हे लाइनवरच्या सगळ्यांच्या नजरेत भरते.

प्रश्न : इचलकरंजीत माझे 22 मशिनचे छोटे युनिट आहे. मजुरी पीस रेटवर देतो. एक ऑपरेटर रजेवर गेला की लाइन अडते, म्हणून प्रत्येकाने दुसरे ऑपरेशन शिकावे असे मी सांगतो, पण कोणी तयार होत नाही. काय करावे?

उत्तर : त्यांचा नकार आळसातून आलेला नाही, तो सरळ हिशेबातून आला आहे. बाही जोडण्यात ज्याचा हात बसला आहे, तो कफवर बसला की पहिले काही आठवडे त्याचे पीस निम्म्यावर येतात आणि मजुरीही. शिकण्याचा खर्च तुम्ही त्याच्या खिशातून वसूल करत आहात. शिकण्याच्या काळात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी मजुरी कायम ठेवा आणि पुढे तीन ऑपरेशने सफाईने करणाऱ्याला दर महिन्याला ठरावीक भत्ता द्या. हा खर्च वाटतो, पण लाइनचा हिशेब मांडून पाहा. नऊ ऑपरेशने तासाला 60 पीस देत असतील आणि एकटी कॉलर 40 वर अडकली असेल, तर तासाला शर्ट 40 च बाहेर पडतात.

भिंतीवर एक तक्ता लावा. उभ्या ओळीत नावे, आडव्या ओळीत ऑपरेशने आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ काढा. पाव भाग भरलेला म्हणजे शिकतो आहे, अर्धा म्हणजे देखरेखीखाली जमते, पाऊण म्हणजे टार्गेट आणि सफाई दोन्ही सांभाळतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या ऑपरेशनच्या स्तंभात एकच वर्तुळ भरलेले दिसेल, तिथून शिकवायला सुरुवात करा. वर्तुळ कधी भरायचे याचा निकष सर्वांना आधी सांगा. मालकाच्या मर्जीने ती भरू लागली, की तक्त्यावरचा विश्वास उडतो.

प्रश्न : भिवंडीत बारा वर्षे ओव्हरलॉक (कापडाची कडा शिवणारे मशिन) आणि फ्लॅटलॉकवर (सपाट शिवण मारणारे मशिन) काम केले, पण कागद एकही नाही. आता प्रमाणपत्राचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण मर्यादित. आयटीआयमध्ये ‘सिव्हिंग टेक्नॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, मात्र बारा वर्षांच्या कामानंतर पगार सोडून वर्षभर वर्गात बसा असे मी सांगणार नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली. तिला आरपीएल म्हणतात. जवळच्या कौशल्य केंद्रात चौकशी करून त्या मार्गाने जा. सुपरवायझर किंवा प्रशिक्षक व्हायचे असेल, तर हा कागद हाताशी असावा.

ऑपरेटर म्हणून नव्या ठिकाणी जाल, तर मात्र बहुधा दारातच मशिनवर बसवून चाचणी घेतील. नुसत्या ओव्हरलॉकवर थांबू नका, त्याआधी सिंगल नीडलवर खिसा लावणे आणि पट्टी जोडणे पक्के करून घ्या. चाचणीला बसल्यावर लगेच पेडल दाबू नका. मशिन तुमचे नसते. आधी सुई पाहा, धागा नीट ओवला आहे का ते पाहा, मग त्याच कापडाच्या तुकड्यावर चार इंच टीप मारून दोन्ही बाजूंनी टाका तपासा आणि त्यानंतरच त्यांनी दिलेला पीस हातात घ्या.