नख रुतलंय की ‘अंतर्वृद्धी’ झालीये?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख बरेच दिवस ठणकतंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘इनग्रोन टोनेल’ लिहिलं, ह्यांनी मोबाइलवर त्याचं मराठी करून बघितलं तर आलं ‘अंतर्वृद्धी झालेले नख’. ते तसंच फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांत मोठ्या वन्संचा फोन, बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि मला कोणी सांगत पण नाही! हा हर्निया मध्येच कुठून आला? शब्द चुकीचा आहे का? सासूबाई तर म्हणतात हे साधं नखुरडं आहे. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून जास्त टेन्शन. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी तुमच्या वन्संची बाजू घेतो, कारण त्या अगदीच हवेत बोलल्या नाहीत. आयुर्वेदात हर्नियाला ‘अंत्रवृद्धी’ म्हणतात. अंत्र म्हणजे आतडं. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार दिलेत, वातज, पित्तज वगैरे करत करत शेवटी मूत्रवृद्धी आणि अंत्रवृद्धी, आणि ह्या सगळ्या अंडकोषाकडच्या सुजेच्या गोष्टी आहेत. घरात कोणी वैद्याकडे जाणारं असेल तर हा शब्द कानावरून गेलेला असतोच. आता ‘अंतर्वृद्धी’ आणि ‘अंत्रवृद्धी’ मोबाइलच्या बारीक अक्षरात शेजारी शेजारी ठेवून बघा, एक रफार इकडचा तिकडे. त्यात मराठीत हर्नियाला ‘अंतर्गळ’ पण म्हणतात, म्हणजे तिथेही सुरुवात ‘अंतर्’नेच. वन्संनी ‘नख’ हा शब्द वाचला नाही एवढंच, पण ग्रुपवर कोण शेवटपर्यंत वाचतं.

‘अंतर्वृद्धी’ व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, अंतर् अधिक वृद्धी, आत होणारी वाढ. पुस्तकात, रिपोर्टात चालून जाईल. पण बोलताना आपण काय म्हणतो? नख रुतलंय. कोणी म्हणतं नख मांसात शिरलंय, कोणी म्हणतं नख आत गेलंय, पण माझं मत रुतण्याला. काटा रुततो, चाक चिखलात रुततं, घट्ट अंगठी बोटात रुतते, त्यात दुखणं पण आलं आणि अडकणं पण आलं. शिवाय प्रत्यक्षात जे होतं तेही ह्याच शब्दात नीट बसतं. नख आतल्या दिशेने वाढतच नाही हो, ते मुळापासून पुढेच वाढत असतं, फक्त त्याची कड बाजूच्या मांसात घुसते आणि मांस सुजून कडेवर चढतं. मग बघणाऱ्याला वाटतं नखच आत चाललंय. म्हणजे इंग्रजीतलं नावच थोडं फसवं, आणि आपण ते शब्दाला शब्द उचललं.

आता सासूबाईंचं नखुरडं. ते वेगळं आहे, पण शेजारचंच आहे. नखुरडं म्हणजे नखाच्या कडेला किंवा मुळाशी जंतू जाऊन सूज येते, लाल होतं, पू धरतो, रात्री ठण् ठण् ठणकतं. ते जास्त करून हाताच्या बोटांना, सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांना, नखं कुरतडणाऱ्या पोरांना, कडेचं सालपट दाताने ओढणाऱ्यांना होतं. सुश्रुताने क्षुद्ररोगांत ‘चिप्प’ म्हणून जे सांगितलंय, नखाच्या मांसात आग आणि पू, ते साधारण हेच. त्यावर आपल्याकडे बोटात लिंबू घालून बसायची पद्धत आहे, लिंबाला भोक पाडून टोपीसारखं बोटावर चढवायचं. थोडं गार वाटतं खरं, पण आत पू झाला असेल तर लिंबाने तो बाहेर येत नाही, डॉक्टरकडून छोटा चिरा देऊनच काढावा लागतो. तर नख रुतलं, त्या जखमेत जंतू गेले, की पायालाही नखुरडं होतं. म्हणून सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, त्यांना तसं सांगा, पूर्ण चूक म्हणू नका, घरात राहायचंय तुम्हाला.

रुततं कशाने, तर बहुतेक वेळा आपल्याच नेलकटरने. कोपरे गोल करून, अगदी खोल खणून कापायची सवय असते, त्यात कडेला एक कुसळासारखं टोक राहून जातं जे दिसत नाही, आणि नख पुढे सरकलं की तेच मांसात टोचायला लागतं. पूर्वी न्हावी नराणीने नखं काढायचे तेव्हाही कोपरा कोरून काढून घेणारे होतेच, त्यामुळे हे काही आजचं नाही. वर टोकदार, पुढून आवळणारे बूट, दिवसभर घामाने भिजलेला मोजा, फुटबॉल खेळणारी पोरं. काहींची नखंच मुळात कडेला जास्त वळलेली, ते घराण्यात असतं. म्हाताऱ्या माणसांची नखं जाड होतात, आणि खाली वाकून कापता येत नाहीत, तेही एक कारण.

उपाय विचारला नाहीत पण शुगर लिहिलीत म्हणून सांगतोच. शुगर नसलेल्या माणसाला, पू झालेला नसताना, कोमट पाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटं पाय ठेवणं, नीट पुसणं, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवून ठेवणं आणि पुढे मोकळी चप्पल घालणं, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. नखं सरळ आडवी कापायची, कोपरा मांसाच्या थोडा बाहेर ठेवायचा. धीर मात्र लागतो. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्याच वेगाने, आणि अंगठ्याचं अख्खं नख नवीन यायला वर्ष ते दीड वर्ष जातं.

तुमच्या सासऱ्यांसाठी मात्र हे घरगुती प्रकार नकोत. शुगर बरीच वर्षं असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजतो. जखमही लवकर भरत नाही. ब्लेडने कोपरा काढणं तर बिलकुल नाही, बाथरूममध्ये बसून स्वतःच सर्जन होणारे काका प्रत्येक घरात एक असतात, त्यांना लांब ठेवा. कडेला लाल लिबलिबीत मांस वाढलंय, हात लागला की रक्त येतंय, पू येतोय किंवा लाली वर पावलाकडे चढतेय असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि ऑपरेशन सांगितलं तरी घाबरू नका, ते बोट बधिर करून करतात, बहुतेक वेळा अख्खं नख न काढता फक्त रुतलेली कडेची पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात म्हणजे तेवढी कड परत उगवत नाही. नुसतं नख उपटून काढलं आणि मूळ तसंच ठेवलं तर नवीन नख येताना पुन्हा रुतायची शक्यता बरीच राहते, म्हणून ‘मुळाचं काय करणार’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आधी शुगर किती आहे आणि पावलाचा रक्तपुरवठा कसा आहे ते बघतील, ते बघू द्या.

वन्संना फोन करून फक्त एवढंच सांगा, बाबांच्या अंगठ्याचं नख रुतलंय. एका वाक्यात कळेल.

प्रश्न : मग कुरूप आणि केसतूड ह्यांनाही अंतर्वृद्धी म्हणायचं का? दोन्ही आतच जातात ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : म्हणू नका, इतके चांगले शब्द असताना कशाला. पण तुमचं निरीक्षण पक्कं आहे. कुरूप, काही ठिकाणी भोवरी म्हणतात, ते सतत दाब पडलेल्या जागी होतं, कातडी जाड होत जाते आणि तिचा कडक सुळका टोक आत करून बसतो, म्हणून चालताना खडा टोचल्यासारखं वाटतं. सुश्रुताचं ‘कदर’ ते हेच. लोक म्हणतात कुरपाचं मूळ राहिलं म्हणून परत आलं. त्याला झाडासारखं मूळ वगैरे नसतं, चप्पल तीच राहिली म्हणून परत येतं. आणि ती औषधाची कॉर्न कॅप, त्यात कातडी जाळणारं ॲसिड असतं, शुगरवाल्यांनी डॉक्टरांना न विचारता लावू नये.

केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी जंतू जाऊन झालेला फोड, केस तुटला म्हणून झाला अशी समजूत, नाव त्यावरूनच. दाढी किंवा वॅक्सिंगनंतर कापलेला केस वळून परत कातडीत घुसतो ते निराळं, कुरळ्या केसांना जास्त होतं, त्याला सरळ ‘केस आत वळला’ म्हणा. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात तो त्रास मात्र गंभीर, पूर्वी खुपऱ्यांमुळे (पापणीच्या आत होणारा जंतूंचा आजार, ट्रॅकोमा) तो फार व्हायचा आणि माणसं आंधळी व्हायची. भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरल्या नाहीत असं जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केलंय.

प्रश्न : आमच्या ध्यानवर्गाच्या पत्रकात ‘साधकाची अंतर्वृद्धी होते’ असं छापायचंय. चालेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वरचं सगळं वाचून तुम्हीच ठरवा. चेष्टा सोडा, चूक नाहीये, पण वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही त्यातून. वृद्धी हा मुळात फार कामाचा शब्द, व्याकरणात आ, ऐ, औ म्हणजे वृद्धी, घरात मूल जन्मलं की जुनी माणसं ‘आम्हाला वृद्धी आहे’ म्हणून देवाला शिवत नाहीत. तुम्हाला म्हणायचंय काय, राग कमी होतो? झोप लागते? समज वाढते? तेच लिहा. आणि भारदस्तच हवं असेल तर ‘आंतरिक विकास’ आहे की, त्याने निदान कोणी हर्नियाच्या डॉक्टरकडे जाणार नाही.

प्रश्न : आमच्या बैलाचं एक शिंग वळून गालफडात टेकायला लागलंय. ह्याला शब्द काय ते राहू द्या, कापलं तर चालतं का? (एक शेतकरी वाचक, सांगोला)

उत्तर : दादा, चालतं, पण किती कापायचं ते महत्त्वाचं. शिंगाचं टोक नखासारखंच निर्जीव, पोळ्याला आपण शिंगं तासतो तेव्हा बैलाला काही वाटत नाही. बुडाकडे मात्र आत हाड असतं, त्यात रक्तवाहिन्या, आणि मोठ्या जनावरात कपाळातली पोकळी थेट त्या हाडात गेलेली असते, तिथपर्यंत करवत गेली तर रक्त थांबत नाही आणि जखमेत माश्या बसून अळ्या पडतात. नुसतं टेकत असेल तर टोक घासून किंवा थोडं कापून काम होईल, कातडीत शिरलं असेल तर घरी करवत लावू नका, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, ते बधिर करून कापतात आणि जखम पण साफ करून देतात. आणि पावसाळ्याच्या आत उरका.